तिरपा आला, सिधा टेकला

आमच्या ह्यांना विमान वर नेता यायचं, पंचाईत व्हायची ती खाली आणताना. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाहीये, तोंडावर शंभरदा सांगून झालंय. त्यांचं उत्तर ठरलेलं, "अवं, वर नेलेलं विमान खाली येतेच. आजवर एकही वर राह्यलं नाई." आता असल्या माणसाशी काय बोलायचं!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे मोठं शिक्षण म्हटलं की नागपूर. आमचे हे नागपूरला गेले ते वकील व्हायला. लढाई नुकतीच संपली होती, आणि तिथल्या एका उड्डाणाच्या क्लबात एकावर एक दोन पंख असलेली जुनी कापडी विमानं होती. हे एका रविवारी नुसते बघायला म्हणून गेले आणि वकिली राहिली तिथंच. घरी कळायला सहा महिने लागले. कळलं तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "पायदल चालता येते का पाहा त्याले."

मामाजी पिंपळगाव राजातले मोठे शेतकरी. चार बैलजोड्या, विहीर, कपाशी, ज्वारी. त्यांची ऐट एकाच गोष्टीची. ते पेरणीची तिफण धरायचे तेव्हा ज्वारीचे तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, दोरी लावल्यागत सरळ यायचे. उगवण झाली की सकाळी एकटे वावरात जायचे आणि एकेक तास या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी फिरायचे. मधे हातभर जागेत रोप नसलं तर तिला आमच्याकडे खाडा म्हणतात. पेरताना तिफणीच्या चाड्यात बी सोडणारी मूठ क्षणभर थांबली की खाडा पडतो. मामाजी खाड्यापाशी उभे राहायचे, घरी येईपर्यंत विचार करायचे आणि दारातून विचारायचे, "पूर्वेच्या सातव्या तासात कोनाची मूठ थांबली होती?" ज्याची थांबली त्याने त्या दिवशी त्यांच्यासमोर येऊ नये, हे उत्तम.

मी उंद्रीच्या शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं मी पिंपळगावात आणि हे नागपुरात. दिवाळीला यायचे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचे, चार दिवस विमानाच्या गोष्टी सांगायचे आणि जायचे. त्या चार वर्षांत मामाजी माझ्याशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. राग नव्हता, रीतच होती. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलू नये, सुनेने पदर पुढे ओढून खाली पाहावं. काही लागलं तर आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगायचं. आणि आत्याबाई घरी नसल्या तर? तर गायीला! गोठा ओसरीला लागूनच होता. मामाजी खाकरून गायीकडे पाहायचे, "काय वं गाये, चहा झाला का?" मी आतून गायीला सांगायचे, "गाये, उकळी येऊन राह्यली, दोन मिनिटं थांब म्हना." गाय बिचारी दोन्हीकडे मान हलवायची. मला वाटतं, जिल्ह्यात इतकी माहितगार गाय दुसरी नसेल.

त्या वर्षी दिवाळीत हे बातमी घेऊन आले. क्लबात नव्या मुलांना शिकवायला हाताखालचा माणूस पाहिजे होता. राहायला दोन खोल्या. आमच्या ह्यांनी हिंमत करून वडिलांना सांगितलं, "मले तिले नागपूरले न्यायचं आहे." मी दाराआड उभी होते. 

मामाजी आत्याबाईंकडे पाहून बोलले. मुलाशी थेट बोलायला रीत आड येत नव्हती, पण राग आला की ते मुलालाही सुनेच्या पंक्तीला बसवत. "त्याले म्हना, तुह्या जिवाचं तू पाह्य. आभायात टांगायचा तं टांग. पन मास्तरच्या पोरीले मी मागून आनलं आहे. ज्याले जमिनीवर सिधं टेकता येत नाई त्याच्या हवाली मी तिले करत नसतो. आपल्या वावरात उतरून दाखोव म्हना. मी माह्या डोयानं पाहीन. सिधा टेकला तं घेऊन जाय. नाई तं तू तिथं अन् थे इथं."

खरं सांगते, मला आधी राग आला. माझा जीव, आणि त्याचा निकाल वावरात! मग रात्रभर विचार करता उमगलं की ह्या घरात माझ्या जिवाची एवढी फिकीर दुसऱ्या कोणी केलीच नव्हती. माझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही. राग गेला नाही, पण जरा बाजूला सरकून बसला.

आता अडचण अशी की ह्यांना सिधं टेकता येत नव्हतं. आल्या दिवशीच त्यांनी मला कबूल केलं होतं. झाडांची धास्ती. मैदानाच्या कडेला झाड दिसलं की हे उंचावरून यायचे, आणि उंचावरून आलं की मैदान संपेपर्यंत विमान टेकायचंच नाही. त्यांचे शिक्षक म्हणे एकदा म्हणाले, "तुम्ही विमान उतरवत नाही, अमरावतीला पोचवता."

ह्यावर उपाय होता आणि त्याचं नाव स्लिप. मला तो इतका पाठ झाला की आजही झोपेत सांगेन. विमान उंच राहिलं म्हणून नाक खाली घातलं तर वेग वाढतो, मग ते जमिनीवरून नुसतं तरंगत जातं. म्हणून काय करायचं, हातातली दांडी एका बाजूला नेऊन त्या बाजूचा पंख खाली झुकवायचा, आणि पायाने नाक उलट बाजूला वळवायचं. विमान मग अंग आडवं करून वाऱ्यावर घसरत खाली येतं. नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे. वेग वाढत नाही, उंची मात्र भराभर जाते. जमीन जवळ आली की सगळं सरळ करायचं आणि टेकायचं. पंक्तीला बसलेला जावई तोंडाने नको नको म्हणतो आणि हाताने ताट पुढे सरकवतो ना, तसं.

पण आमचे हे साधे. त्यांचा हात डावीकडे गेला की पायही डावीकडेच जायचा. शिक्षकांनी डोक्याला हात लावला, "एकदा तरी तुमचे हातपाय आपसात भांडले पाहिजेत हो!"

"येवढंच ना?" मी म्हटलं. "मंग घरी शिका. भांडाले मी शिकोते."

हे त्या खेपेला आठवडाभर राहिले. दुपारी मामाजी वावरात गेले आणि आत्याबाईंचा डोळा लागला की आमची शाळा भरायची. हे पाटावर बसायचे. गुडघ्यांच्या मधे ताक घुसळायची रवी उभी धरली, झाली दांडी. पायांपुढे मुसळ आडवं ठेवलं. एक पाय दाबला की ते एका बाजूने पुढे जायचं, दुसरा दाबला की दुसऱ्या. मी समोर उभी राहून सूप धरायचे, ते विमानाचं नाक. "डावा पंख खाली!" मी म्हणायचे. रवी डावीकडे जायची. "उजवा पाय!" की डावाच पाय पुढे! "अवो, उजवा! ज्या हातानं जेवता त्याच्या खालचा!" चार दुपारी हेच. पाचव्या दुपारी असं झालं की मी "उजवा पाय" म्हटलं रे म्हटलं की पाय आपसूक दाबला जायचा. पण मी गप्प राहिले की हेही गप्प. पाय माझ्या आवाजावर चालत होता, त्यांच्या डोक्याला त्याने कधीच विचारलं नाही.

त्याच दुपारी आत्याबाई जाग्या झाल्या आणि दारात आल्या. त्यांना काय दिसलं? लेक पाटावर बसून मांड्यांत रवी धरून मुसळाला लाथा मारतोय, आणि सून त्याच्या तोंडापुढे सूप हलवत ओरडतेय. त्या तशाच मागे वळल्या. आत जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि दोघांवरून ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तशी त्या म्हणाल्या, "लागली होती कोनाची तरी."

हे नागपूरला परत गेले. पौषात पत्र आलं. शिक्षकांनी विमान गावी आणायची एकदाची परवानगी दिली होती. का दिली ते देव जाणे, बहुतेक जिवाला कंटाळून. पत्रात सूचना होत्या. कपाशीच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, चाक अडकेल, म्हणून गावाबाहेरचं बरडाचं, म्हणजे कडक मुरमाचं, वावर पाहिजे. चारशे पावलं लांब. वखरून, वर ओंडका फिरवून सपाट. वारा कुठून आहे ते कळायला ओल्या कडब्याचा धूर. इथवर ठीक होतं. पण आमच्या ह्यांना ऐट मारल्याशिवाय पत्र पुरं करता येत नाही. शेवटी लिहिलं, "विमान या पंखापासून त्या पंखापर्यंत वीस हात रुंद आहे."

मामाजींनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. मग उठले आणि सुताराला बोलावून आणलं.

आमच्याकडे पाहुणा यायचा असला, मग तो तहसीलदार असो की व्याही, तर कमान उभारायची, ही गावाची रीत. मामाजींनी जन्मात कधी विमान जवळून पाहिलं नव्हतं, पण पाहुणे खूप पाहिले होते. त्यांनी पंचवीस हात रुंद आणि बारा हात उंच कमान उभी करायला घेतली. वीस हातांचं विमान, दोन्हीकडे अडीच-अडीच हात मोकळे! नणंद वरवट बकालला दिलेली, तिच्या घरून गाडीभर केळीचे खांब आले. आंब्याची तोरणं आली. वर तांबड्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत सुस्वागतम्. आणि ही कमान कुठे? वावराच्या पश्चिम टोकाला, गावाचा रस्ता जिथे लागतो तिथे. बरोबर तोंडावर. सगळ्या गावाची पक्की समजूत की विमान गावाच्या रस्त्याने हळूहळू येणार, कमानीखालून वावरात शिरणार आणि मामाजींपुढे उभं राहणार.

मला कळलं तेव्हा कमान उभी झाली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पूर्वेच्या टोकाला बाभळींची रांग होती आणि तिच्या अलीकडे आमची विहीर. वारा पूर्वेचा असला तर ह्यांना पश्चिमेकडून, म्हणजे कमानीवरूनच यावं लागणार. झाडाला भिणारा माणूस बारा हात कमानीला भिणार नाही? तो उंचावरून येणार, आणि पुढे विहीर!

आत्याबाई कमानीची फुलं ओवायला गेल्या होत्या. मी धीर करून गोठ्याकडे तोंड केलं. "गाये, विमान कमानीखालून येत नसते. वरून येते."

ओसरीवरून मामाजींनी गायीला समजावलं, "गाये, पाव्हना वरून येत नसते. दारातून येते."

"गाये, मंग कमान बाजूले घ्याले सांग. थे अडीन."

"गाये, गावानं दोन दिवस राबून उभी केली. आता पाडली तं लोक काय म्हनतीन?"

गायीने शेपटी हलवली आणि विषय संपला. ह्यांना तार करावी म्हटलं तर खामगावला जाणार कोण, आणि सुनेने तार करायची म्हणजे घराची शोभाच! मी गप्प बसले. आजवर मी क्वचितच गप्प बसले आहे, पण त्या दिवशी बसले, आणि त्याबद्दल स्वतःचा फार राग येतो.

तो दिवस उजाडला. आजूबाजूच्या गावांच्या बैलगाड्या पहाटेपासून येत होत्या. डफडी वाजत होती. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या. मामाजी नवा फेटा बांधून वावराच्या मध्यावर, कडेला, धुराच्या ढिगापाशी उभे. कडबा पेटवला आणि मी आधी धुराकडे पाहिलं. धूर सरळ कमानीकडे निघाला होता. वारा पूर्वेचा.

हे अकोल्याला पेट्रोल घेऊन आले. आधी माशी गुणगुणल्यासारखा आवाज, मग ठिपका, मग पंख. एक घिरटी घातली. खालून दिसत होतं, त्यांनी मान बाहेर काढून कमान पाहिली. पुढे त्यांनी मला सांगितलं की त्यांना पहिल्यांदा वाटलं, कोणाचं तरी लग्न आहे आणि आपण गाव चुकलो.

विमान लांब पश्चिमेला गेलं, वळलं आणि आलं. आलं ते माझ्या अंदाजाप्रमाणे उंचच. कमानीवरून दोन नारळाची झाडं एकावर एक ठेवावीत इतकं उंच. गावाने हात वर करून ओरड केली, "अबे, दार खाली आहे! खाली!" मी मनात मोजत होते. इतक्या उंचीवरून ते विहिरीपर्यंत टेकत नाही. नक्की टेकत नाही.

आणि मग डावा पंख खाली झुकला. पण नाक जागचं हलेना. विमान डावीकडे सरकायला लागलं, लोकांच्या बाजूला. मला ती रवी दिसली, ते मुसळ दिसलं. पाय विसरले! मी बायांच्या घोळक्यातून निघाले आणि धावत सुटले. पदर खांद्यावर आला, मग कुठे गेला माहीत नाही. मामाजींच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि आभाळाकडे पाहून बोंब मारली, "उजवा पाय! अवो, उजवा पाय!"

नाक उजवीकडे वळलं.

विमान अंग आडवं करून घसरायला लागलं. तोंड खामगावकडे, येणं आमच्याकडे. दगड पडावा तशी उंची जात होती. डफडी थांबली. बाया रडायला लागल्या, कोणीतरी "पडलं बे, पडलं!" म्हणून पळालं आणि त्याच्यामागे सगळे पळाले. वावराच्या कडेला आम्ही दोघंच उरलो.  मी, चार वर्षं गायीशी बोललेली, उघड्या डोक्याने त्यांच्या तोंडाकडे पाहून ओरडले, "मामाजी, पडून नाई राह्यले! तिरपे येऊन राह्यले! हे असंच असते! भेऊ नका!"

मग विमान सरळ झालं, आणि टेकलं. काय सांगू तुम्हाला! टेकलं, आणि बेडकासारखं उडालं. परत टेकलं, परत उडालं. तिसऱ्यांदा टेकलं तेव्हा विहिरीकडे वाकडं गेलं, आणि काठापासून दहा पावलांवर, माझा जीव टांगणीला ठेवत थोडं थोडं पुढे सरकत, शेवटी उभं राहिलं. पंखा थांबला. गाव अजून बाभळीआड होतं.

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी फेट्याचा शेमला दोन्ही हातांनी डोळ्यांवर गच्च दाबून धरला होता. "माह्या डोयानं पाहीन" म्हणणाऱ्या माणसाने टेकताना काहीच पाहिलं नव्हतं.  मला हसू आलं, ते ओठांवरच राहिलं. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या विमानात होता, हे माझ्या ध्यानात तोवर आलंच नव्हतं. मी आपली विहिरीचा, कमानीचा आणि नागपूरच्या दोन खोल्यांचा हिशेब करत होते.

वावरात गाय नव्हती. शेमल्याआडूनच ते बोलले, अगदी हळू. "सूनबाई, टेकला का?"

"टेकले, मामाजी."

"जिता आहे?"

"हाव. चष्मा काढून राह्यले."

 मग त्यांनी विचारलं, "सिधा टेकला?"

लोक परत येत होते. सगळे मामाजींच्या तोंडाकडे बघणार होते. माझं नागपूर, माझ्या दोन खोल्या, माझी चार वर्षं, सगळं त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि तो शब्द माझ्या तोंडात होता. मी मास्तरांची मुलगी. खोटं बोलल्याबद्दल लहानपणी छडी खाल्लेली.

"सिधे टेकले," मी म्हटलं. "तुमच्या तासासारखे."

मामाजींनी डोळ्यांवरून शेमला काढला, फेटा नीट केला आणि जमलेल्या लोकांना खणखणीत आवाजात सांगितलं, "तिरपा आला, पन सिधा टेकला!" गावाने टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्याही कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे साक्षीदारांची काळजी नव्हती.

पुढचा अर्धा तास कमानीचा. पाहुणा कमानीखालून आल्याशिवाय ओवाळायचा नाही, यावर गाव ठाम. बारा माणसांनी विमान ढकलत कमानीपर्यंत नेलं. रुंदीला ते छान बसत होतं, मामाजींचं माप चोख होतं. पण रस्त्याच्या त्या बाजूला उतार, तिथून परत वर कोण ढकलणार? शेवटी आमचे हे एकटेच कमानीतून बाहेर गेले, वळले आणि परत आत आले. आत्याबाईंनी ओवाळलं. माझ्याजवळून जाताना हे पुटपुटले, "आयकू आलं मले."

"काय आयकू आलं? येवढ्या आवाजात?"

"कानाले नाई," ते म्हणाले. "पायाले."

विमान दुपारीच परत गेलं. उडताना ह्यांना काही अडचण नसतेच. ठरलं असं की ते पुढच्या आठवड्यात आगगाडीने येतील आणि मला घेऊन जातील. मी रात्री आनंदाने झोपायला हवं होतं, पण खोटं गिळलं की अन्न गोड लागत नाही. मला सारखी दिसत होती ती बरडावरची चाकं. वखरून, ओंडका फिरवून, कागदासारखी सपाट केलेली जमीन. त्यावर पाटीवर खडूने ओढावं तसं सगळं उमटलेलं असणार. आणि सकाळी मामाजी तास पाहायला गेल्याशिवाय राहणार नव्हते.

गेलेच. मी पाणी भरताना पाहिलं, काठी घेऊन एकटे बरडाच्या वाटेने निघालेले. परत यायला उन्हं वर आली. पाय धुऊन ओसरीवर बसले. मी आत चुलीपाशी. आत्याबाई पाण्याला गेलेल्या. त्यांचं खाकरणं ऐकून मी गोठ्याकडे कान दिला.

"सूनबाई."

मी सवयीने गायीकडे पाहिलं.

"गायीले नाई. तुले म्हनतो. बाहेर येय."

मी पदर ओढून दारात उभी राहिले. ते काठीच्या टोकाने ओसरीच्या मातीवर रेघ ओढत होते. एक रेघ, मग जागा सोडली, परत रेघ, परत जागा, मग वाकडी रेघ.

"दोन खाडे आहेत," ते म्हणाले. "पयला बारा हाताचा, दुसरा सात. अन् शेवटी तास विहिरीकडे गेला."

"मामाजी, मी..."

"तू पाह्यलं होतं."

"हाव."

"मी नाई पाह्यलं." त्यांनी काठी खाली ठेवली. मला वाटलं, झालं. बिस्तरा अजून बांधलाच नव्हता, ते एक बरं. मग त्यांनी विचारलं, "थो पंख झुकला तवा तू काय ओरडली होती?"

"उजवा पाय."

"अन् त्यानं दाबला?"

"दाबला."

"तू नसती तं?"

मी त्या विहिरीकडे गेलेल्या रेघेकडे पाहिलं. खोटं एकदा पुरे झालं होतं.

मामाजी उठले. पायाने ती रेघ पुसली, मुद्दाम, सगळीच्या सगळी. "खाडा कोनाच्याबी तासात पडते," ते म्हणाले. "माह्याबी पडला आहे. कोनाले सांगतलं नाई. मांगून जाऊन भरा लागते, दुसरं काय. थो पुढं पेरत जाईन. तू मांगून खाडे भरत जाय. बिस्तरा बांध."

मी वाकून नमस्कार केला. डोळे भरले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून तशीच आत वळले आणि चुलीवरचं आधण उतरवायला गेले. मामाजी ओसरीवर परत बसले. थोड्या वेळाने नेहमीचं खाकरणं ऐकू आलं.

"काय वं गाये," ते हळूच म्हणाले, "आता चहा कोनाले मांगू?"

मी गायीला उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नुसता चहा चढवला आणि पदर डोळ्यांना लावून तिथेच बसले. चहा मात्र दोनदा उकळला.